एक आडनाव, दोन उगम: आयर्लंडमधल्या ‘लिंच’ची उकल

1518 साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहराने एक ठराव केला: ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लावणाऱ्या कुणीही शहराच्या रस्त्यांवरून तोऱ्यात हिंडता कामा नये. ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतल्या, आडनावांच्या आधी येणारे शब्द. ठरावाचा रोख तटाबाहेरच्या मूळ आयरिश लोकांवर होता. शहराचा कारभार तेव्हा मूठभर व्यापारी घराण्यांच्या मुठीत होता आणि त्यांत सगळ्यांत वरचढ घराणं होतं लिंच. आयर्लंडच्या इतर मुलखांत त्याच काळी ‘ओ लुइंगशी’ या नावाची गेलिक कुळं नांदत होती. त्यांच्यातला कुणी गॉलवेच्या वेशीवर आला असता तर हाच ठराव त्याला आडवा आला असता. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत ही ओ लुइंगशी मंडळीही कागदोपत्री ‘लिंच’ झाली. वेस बंद करणारे आणि वेशीबाहेर राहिलेले आज एकाच आडनावाने ओळखले जातात.

आयरिश आडनावांचा अभ्यास करताना मला हे उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं. आडनाव सारखं म्हणजे मूळ पुरुष एक, ही समजूत जगभर आहे आणि आयरिश वंशाच्या लोकांत ती फार पक्की आहे. परदेशातून आलेला लिंच गॉलवेत उतरतो, भर बाजारातली ‘लिंचची गढी’ पाहतो, भिंतीवरच्या कुलचिन्हाचा फोटो काढतो आणि आपल्या पूर्वजांचं घर पाहिल्याच्या समाधानात परततो. पण त्याचे पूर्वज कॉर्क किंवा क्लेअरच्या शिवारांतले असण्याचीच शक्यता जास्त असते. त्या गढीशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो.

दोन उगम

युरोपात पिढीजात आडनावं सगळ्यांत आधी जिथे रुळली त्या देशांत आयर्लंडचा नंबर वरचा आहे. गॉलवेच्या दक्षिणेकडच्या आयने या भागाचा राजा टिगर्नाख उआ क्लेरी 916 मध्ये मेला, अशी नोंद तिथल्या बखरींत आहे. आडनावाची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. ‘उआ’ म्हणजे नातू, वंशज. त्याचंच पुढे ‘ओ’ झालं. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. एखाद्या नामवंत पूर्वजाचं नाव घ्यायचं आणि त्याआधी यांतलं एक लावायचं, की आडनाव तयार.

ओ लुइंगशी असंच घडलं. ‘लुइंगशाख’ या पुरुषनावाच्या मुळाशी जहाज, गलबतांचा ताफा, दर्यावर्दी असा अर्थ आहे. समुद्राने वेढलेल्या आणि व्हायकिंगांच्या हल्ल्यांनी गांजलेल्या बेटावर हे नाव बऱ्याच जणांना असणार, आणि होतंच. त्यामुळे ओ लुइंगशी हे आडनावही एकाच घरातून निघालेलं नाही. उत्तरेला आजच्या अँट्रिम आणि डाऊन परगण्यांत दाल नारायदे नावाचं राज्य होतं. तिथे 11व्या शतकात या नावाचे राजे होते. क्लेअर आणि लिमरिककडे एक वेगळं कूळ, स्लायगोत आणखी एक, कॉर्कच्या पश्चिम टोकाला आणखी एक, शिवाय टिपररी आणि डोनेगलमध्येही. या कुळांचं एकमेकांशी नातं असल्याचा पुरावा नाही. दर्यावर्दी पूर्वज प्रत्येकाने आपापला शोधला होता.

दुसरा उगम नॉर्मन आहे. 1169 नंतर इंग्लंड-वेल्सकडून नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले, त्यांच्या मागोमाग ‘डे लेंच’ किंवा ‘डे लिंच’ असं नाव लावणारी माणसं आली. ती प्रथम पूर्वेकडे मीथ परगण्यात स्थिरावली आणि त्यांच्यातली एक शाखा पश्चिमेला गॉलवेत गेली. या शाखेने वैभवाच्या काळात स्वतःसाठी एक थोर उगम तयार केला. आपण ऑस्ट्रियातल्या लिंट्‌स शहरातून आलो, आपल्या पूर्वजाने वेढ्यात ते शहर झुंजवून राखलं, म्हणून शहराचं नाव आपल्याला मिळालं, असं ते सांगत. घराण्याच्या चिन्हावर लिंक्स नावाचं रानमांजर आहे, तेही नावाच्या साधर्म्यावरूनच आलेलं दिसतं. पैसा आला की वंशावळ लांबते, हे सगळ्या देशांत चालत आलं आहे. लिंट्‌सच्या कथेला कागदाचा आधार नाही.

गॉलवेचं राज्य

गॉलवे 1230च्या दशकात रिचर्ड डे बर्गने जिंकलं. मग तटबंदी झाली आणि आत एक इंग्रजी बोलणारं, इंग्रजी कायद्याने चालणारं व्यापारी शहर वाढलं. भोवताली सगळीकडे गेलिक मुलूख. आतली चौदा घराणी पुढे ‘गॉलवेच्या जमाती’ म्हणून प्रसिद्ध झाली: अॅथी, ब्लेक, बॉडकिन, ब्राउन, डार्सी, डीन, फाँट, फ्रेंच, जॉयस, कर्वन, लिंच, मार्टिन, मॉरिस आणि स्केरेट. यांतले कर्वन मूळचे गेलिक आणि डार्सींचंही तसंच, म्हणजे तट अगदीच अभेद्य नव्हता. ‘जमाती’ हा शब्द 17व्या शतकातला इंग्रज प्रोटेस्टंट सेनानी क्रॉमवेल याच्या लोकांनी हिणवण्यासाठी वापरला आणि या घराण्यांनी तोच मानाने मिरवला, असं परंपरा सांगते.

या चौदांत लिंच अव्वल. डिसेंबर 1484 मध्ये राजा तिसरा रिचर्ड याच्याकडून शहराला स्वतःचा महापौर निवडण्याची सनद मिळाली. ती मिळवण्यात डॉमिनिक लिंच पुढे होता आणि पहिला महापौर झाला पीअर्स लिंच. तेव्हापासून 1654पर्यंत या एका आडनावाचे 84 महापौर झाले. महापौरपदाची मुदत वर्षाची होती. म्हणजे सुमारे 170 वर्षांतली जवळजवळ निम्मी वर्षं शहर लिंचांच्याच ताब्यात होतं.

एकाच गावात इतके लिंच, आणि त्यांतही जेम्स, थॉमस, डॉमिनिक हीच नावं फिरून फिरून, तर माणूस ओळखायचा कसा? त्यांनी नावापुढे बापाचं नाव जोडलं: जेम्स लिंच फिट्झस्टीफन, म्हणजे स्टीफनचा मुलगा जेम्स लिंच. आपण पूर्ण नावात वडिलांचं नाव मध्ये घालतो, ते त्यांनी शेवटी घातलं, गरज तीच होती. गॉलवेची जुनी कागदपत्रं वाचताना या ‘फिट्झ’ने फार मदत होते. त्याच्या जोरावर काही शाखा पिढ्यान्‌पिढ्या मागे नेता येतात.

पैसा समुद्रातून आला. बोर्दो आणि स्पेनहून दारू यायची, इकडून कातडी, लोकर, मासे जायचे. सेंट निकोलस चर्च 1320 च्या सुमाराचं. ते नंतर वाढवलं गेलं त्यात लिंचांचा पैसा मोठा होता. बाजारपेठेतली त्यांची दगडी गढी आजही उभी आहे, खिडक्यांच्या कोरीवकामासह, आणि तिच्यात आता बँकेची शाखा चालते.

चर्चजवळच्या एका भिंतीवर मात्र थांबायला हवं, कारण तिने या आडनावाचं नाव सगळ्यांत जास्त बिघडवलं. तिथल्या शिलालेखात म्हटलं आहे, की 1493 मध्ये महापौर झालेल्या जेम्स लिंच फिट्झस्टीफनने आपल्या अपराधी मुलाला, वॉल्टरला, इथेच देहदंड दिला. लोककथा पुढे रंगवते: मुलाने मत्सरापोटी घरी आलेल्या स्पॅनिश पाहुण्याचा खून केला, फाशी द्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा बापाने स्वतःच्या हाताने खिडकीतून त्याला लटकवलं. गोष्ट थरारक आहे, पण 15व्या शतकातली एकही नोंद तिला दुजोरा देत नाही. ती छापील स्वरूपात पसरली 19व्या शतकात. भिंतीवर कवटी आणि हाडं कोरलेला दगड 1624चा आहे, शिलालेख 1854चा. वाटाडे अजूनही पर्यटकांना सांगतात, की ‘लिंचिंग’ हा शब्द इथूनच निघाला. तो इथून निघालेला नाही. खरा धागा कुठला ते पुढे येईल.

त्या भिंतीपेक्षा मला जॉन लिंच या धर्मगुरूची आठवण व्हावीशी वाटते. हा गॉलवेच्या लिंचांतला, म्हणजे ठराव करणाऱ्यांच्या गोतातला. शहर पडल्यावर तो फ्रान्समध्ये परागंदा झाला. 1662 मध्ये त्याने लॅटिनमध्ये एक मोठा ग्रंथ काढला. 12व्या शतकात जेरल्ड ऑफ वेल्स या नॉर्मन लेखकाने आयरिश लोकांना रानटी ठरवलं होतं, त्याचा मुद्देसूद समाचार या ग्रंथात आहे. जॉफ्री कीटिंगने गेलिकमध्ये लिहिलेला आयर्लंडचा इतिहासही त्याने लॅटिनमध्ये नेला. ज्या घराण्याने ‘ओ’ आणि ‘मॅक’ना रस्त्यावर मज्जाव केला, त्याच घराण्यातला माणूस दीडशे वर्षांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’वाल्यांच्या संस्कृतीचा सगळ्यांत विद्वान वकील झाला. मधल्या काळात दोघांचा धर्म एकच, कॅथलिक, राहिला होता आणि नव्या प्रोटेस्टंट सत्तेच्या नजरेत दोघेही सारखेच गुन्हेगार ठरले होते.

ते घडलं असं. क्रॉमवेलच्या फौजांनी सुमारे नऊ महिने वेढा घातल्यावर एप्रिल 1652 मध्ये गॉलवे शरण आलं. 1654 मध्ये कॅथलिक महापौर आणि नगरसेवक काढून टाकण्यात आले. शेवटचा जुना महापौरही एक लिंचच होता. पुढे कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या बाजूने ही घराणी पुन्हा उठली, पण 12 जुलै 1691 रोजी ऑग्रिमच्या लढाईत ती बाजू संपली आणि काही दिवसांतच शहराने दरवाजे उघडले. त्यानंतरचे कायदे कॅथलिकांना जमीन, पद, शिक्षण यांपासून दूर ठेवणारे होते.

‘ओ’ कुठे गेला

आता तटाबाहेरच्यांकडे वळू. इंग्रजी सत्तेने आयरिश नावांवर दात ठेवला होता, हे खरं. 1465 च्या एका कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या परगण्यांतल्या आयरिशांना इंग्रजी आडनावं घ्यायला सांगितली: गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. पण ओ लुइंगशींचे बहुतेक मुलूख तेव्हा या कायद्याच्या टप्प्याबाहेर होते. त्यांचं नाव बदललं ते हुकुमाने नव्हे, नोंदवहीतल्या हाताने.

17व्या शतकात जमिनी जप्त झाल्या, नव्या मालकांचे सारे आणि खंड सुरू झाले, न्यायालयं इंग्रजीत चालू लागली. गेलिक न येणारा कारकून समोरच्या कुळाचं नाव ऐकायचा आणि जमेल तसं लिहायचा. ओ लिंची, ओ लेन्सी, लिंची, आणि लिंचीचं लिंच. त्याच्या कानाला ओळखीचं, प्रतिष्ठित असं ‘लिंच’ हे रूप आधीपासून होतंच. नवं रूप घडवण्याऐवजी त्याने जुनं वापरलं. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात काही ओ लुइंगशी याच रीतीने ‘लिंडसे’ झाले, कारण तिथे ओळखीचं स्कॉटिश आडनाव ते होतं. म्हणजे एका बाजूला दोन वेगळी माणसं एक झाली आणि दुसऱ्या बाजूला एकाच कुळाची दोन आडनावं झाली. वंशावळ शोधणाऱ्याला पहिल्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त चकवते, कारण लिंडसे पाहून कुणालाही गेलिक मूळ आठवत नाही.

18व्या शतकात ‘ओ’ आणि ‘मॅक’ सरसकट गळाले. कायद्याने मनाई नव्हती, पण हे शब्द लावणं म्हणजे हरलेल्यांतले आहोत हे सांगत फिरणं. 1893 मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, भाषेबद्दल अभिमान परतला, तेव्हा ओब्रायन, ओनील, ओकॉनर, ओसलिव्हन यांतल्या पुष्कळांनी गळलेला ‘ओ’ परत घेतला. एडवर्ड मॅकलायसट हा आयरिश आडनावांचा थोर अभ्यासक, वंशावळ कार्यालयाचा पहिला मुख्य अधिकारी. त्याने स्वतःच्या ‘लायसट’पुढे ‘मॅक’ पुन्हा लावला होता. लिंचांनी मात्र असं केलं नाही. ‘ओलिंच’ जवळजवळ सापडतच नाही. माझं मत असं, की लिंच हे आधीच पूर्ण वाढलेलं, मान असलेलं आडनाव होतं. त्यात काही तुटल्याची जाणीवच राहिली नव्हती. तुटका ‘ब्रायन’ किंवा ‘नील’ स्वतःच्या अपुरेपणाची आठवण देत राहतो. लिंच देत नाही.

गेलिक बोलताना मात्र जुनं रूप जिवंत आहे. तिथे पुरुष ओ लुइंगशी, अविवाहित मुलगी नी लुइंगशी आणि लग्न करून आलेली बाई उई लुइंगशी. इंग्रजी पासपोर्टवर तिघेही लिंच.

1890 साली जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून रजिस्ट्रार जनरल रॉबर्ट मॅथसनने आयर्लंडमधल्या आडनावांची क्रमवारी लावली. पहिलं मर्फी, आणि लिंच सतरावं. एका बंदरातल्या व्यापारी घराण्याला, ते कितीही फळलं-फुललं तरी, ही मजल मारता आली नसती. हा आकडा तटाबाहेरच्यांचा आहे. कॉर्क आणि कॅव्हन इथे लिंच दाट आहेत, आणि तो प्रदेश गॉलवेच्या व्यापाऱ्यांचा नव्हे.

समुद्रापार दोन लाटा

बाहेर पडलेल्या लिंचांच्या कथाही दोन प्रकारच्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

पहिली लाट व्यापाऱ्यांची. 1691 नंतर गॉलवेचा एक जॉन लिंच बोर्दोला गेला. ज्या बंदरातून दारू यायची तिथे ओळखी होत्याच. त्याच्या मुलाने, थॉमसने, द्रुइयार घराण्यातली मुलगी केली आणि 1749 मध्ये पोइयाक गावातला बाज इथला द्राक्षमळा लिंचांकडे आला. पाऊणशे वर्षं तो त्यांच्याकडे होता, 1824 मध्ये एका स्विस व्यापाऱ्याला विकला गेला. बोर्दोच्या वाइनच्या 1855च्या प्रसिद्ध प्रतवारीत तो पाचव्या श्रेणीत बसला. मालक बदलत गेले, तरी ‘शातो लिंच-बाज’ हे नाव बाटल्यांवर टिकून आहे. थॉमसच्या मुलांतला जाँ-बाप्टिस्ट लिंच बोर्दोचा महापौर झाला, नेपोलियनने त्याला काउंट केलं, आणि 12 मार्च 1814 रोजी त्याच माणसाने इंग्रज फौजेसोबत आलेल्या बूर्बाँ, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या राजघराण्यातल्या, राजपुत्राला शहराची दारं उघडून दिली. गॉलवेच्या महापौरांची परंपरा दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत अशी चालू राहिली.

गॉलवेजवळच्या लायडिकनचा पॅट्रिक लिंच, जन्म 1715, स्पेनमार्गे ब्यूनस आयर्सला पोचला. 1740च्या दशकात तो तिथे स्थिरावला. त्याच्या वंशविस्ताराची व्याप्ती पाहून थक्क व्हायला होतं. चिलीच्या आरमारातला पात्रिसिओ लिंच याच वंशातला. तरुणपणी तो ब्रिटिश आरमारातून चीनमधल्या पहिल्या अफूयुद्धात लढला आणि पुढे चिलीने पेरूची राजधानी लिमा ताब्यात घेतली तेव्हा तिथला लष्करी प्रशासक झाला. पेरूच्या ऊसमळ्यांतल्या चिनी वेठबिगारांची त्याने सुटका केली, म्हणून ते त्याला ‘लाल राजपुत्र’ म्हणत. अर्जेंटिनाचे लेखक बेनितो लिंच हेही याच गोतावळ्यातले.

आणि अर्नेस्तो गेव्हारा लिंच. क्रांतिकारक चे गेव्हाराच्या वडिलांचं हे नाव. त्यांची आई आना लिंच. चे आजीचा लाडका होता. 1947 मध्ये ती आजारी पडली तेव्हा तो शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसला आणि त्यानंतर त्याने इंजिनिअरिंगचा विचार सोडून वैद्यकीला प्रवेश घेतला. आपल्या मुलाच्या अंगात आयरिश बंडखोरांचं रक्त होतं, असं वडिलांनी 1969 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. 2017 मध्ये, चेच्या मृत्यूला 50 वर्षं झाली तेव्हा, आयर्लंडच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं आणि त्यावर मोठा वाद झाला. मला त्या वादात शिरायचं नाही. पण वडिलांच्या वाक्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. लायडिकनचे लिंच गॉलवेच्या जमातींतले, सनदी शहराचे कारभारी. त्यांनी बंडखोरांपासून शहर राखण्यात शतकं घालवली होती. ‘आयरिश बंडखोर’ हे चित्र नंतरच्या ओ लुइंगशींवर जास्त बसतं. आडनाव एक झाल्यामुळे एकाचं चरित्र दुसऱ्याला लागतं, ते असं.

या लाटेची एक काळी बाजू आहे. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर गॉलवेच्या व्यापारी घराण्यांनी, त्यांत लिंचही आले, ऊसमळे उभे केले आणि ते गुलामांच्या श्रमांवर चालवले. स्वदेशात धर्मासाठी नाडलेली माणसं परमुलखात दुसऱ्यांच्या देहांची मालक झाली. घराण्यांच्या गौरवकथांत हे पान बहुधा गाळलेलं असतं.

दुसरी लाट भुकेची. 1845पासून बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. लिव्हरपूल, न्यूयॉर्क, बॉस्टन, ऑस्ट्रेलिया. या जहाजांतले लिंच बहुतेक ओ लुइंगशी. त्यांच्यासोबत ना वंशावळ होती ना कुलचिन्ह. आज अमेरिकेत हे आडनाव लावणारे बहुसंख्य लोक यांचे वारस आहेत, तरी दुकानांत मिळणाऱ्या ‘लिंच कुलचिन्हा’च्या पाट्यांवर रानमांजर गॉलवेचंच असतं.

व्हर्जिनियातला धागा

हे आडनाव मराठी वाचकाच्या कानावर रोज येतं ते एका भयंकर रूपात. ‘मॉब लिंचिंग’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळला, ‘झुंडबळी’ हा प्रतिशब्दही आला. त्याचा उगम अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आहे. आयर्लंडहून पोरवयात आलेल्या एका लिंचचे दोन मुलगे तिथे प्रसिद्ध झाले. जॉन नदीवर माणसं पार नेणारी नाव चालवायचा. त्याच्या जागेवर 1786 मध्ये लिंचबर्ग शहर वसलं. तो क्वेकर पंथाचा, आणि त्याने आपले गुलाम मुक्त केले. थोरला चार्ल्स. शपथ घेणं क्वेकरांना निषिद्ध, आणि विधिमंडळाचा सभासद होताना त्याने ती घेतली म्हणून पंथाने त्याला बाहेर काढलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1780 मध्ये, राजाच्या बाजूच्या लोकांचा कट उघडकीला आला तेव्हा चार्ल्सने आणि त्याच्या साथीदारांनी अधिकार नसताना न्यायालय भरवलं आणि फटके, मालमत्तेची जप्ती, सक्तीची लष्करभरती अशा शिक्षा दिल्या. 1782 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून त्यांना या कृत्यांच्या जबाबदारीतून सोडवलं. ‘लिंचचा कायदा’ हा प्रयोग त्याच काळात दिसतो. व्हर्जिनियातल्याच विल्यम लिंच नावाच्या दुसऱ्या माणसाकडेही त्याचं जनकत्व दिलं जातं. दोघांपैकी कुणीही असो, गॉलवेच्या महापौराचा यात काही भाग नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर हा शब्द वर्णद्वेषी खुनांचा झाला. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींत 1882 ते 1968 या काळातले 4,743 बळी आहेत. त्यांत 3,446 कृष्णवर्णीय.

याच काळात, याच दक्षिणेत, याच आडनावाचा एक माणूस उभा राहिला. जॉन रॉय लिंच 1847 मध्ये लुइझियानातल्या एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला. बाप पॅट्रिक लिंच, आयर्लंडहून आलेला, मळ्यावर मुकादम. आई कॅथरिन गुलाम. बायकोला आणि मुलांना विकत घेऊन मुक्त करायचं पॅट्रिकने ठरवलं होतं. ते पूर्ण होण्याआधी तो वारला आणि ज्या मित्रावर त्याने भार टाकला त्याने दगा दिला. 1863 मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेची फौज मिसिसिपीतल्या नॅचेझ शहरात आली, तेव्हा पोरगा मोकळा झाला. फोटोग्राफरच्या दुकानात काम करता करता शिकला. 1872 मध्ये, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, तो मिसिसिपीच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला कृष्णवर्णीय सभापती झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला. 1875च्या नागरी हक्क कायद्यासाठी तो बोलला. 1884 मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय पक्षाच्या अधिवेशनाचं अध्यक्षस्थान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. म्हातारपणी त्याने त्या काळाचा खोटा इतिहास रचणाऱ्यांना लेखी उत्तरं दिली. 84 महापौर आणि एक काउंट बाजूला ठेवून, या आडनावाने दिलेला सगळ्यांत मोठा माणूस मी यालाच म्हणेन.

मायदेशी, आणि शोधाची वाट

20व्या शतकातल्या आयर्लंडमध्ये ओ लुइंगशी वर आले. लिमरिक परगण्यातला लिअम लिंच आयर्लंडच्या यादवीत तहविरोधी, म्हणजे ब्रिटनशी झालेला तह न मानणाऱ्या, सैन्याचा प्रमुख सेनानी होता. 10 एप्रिल 1923 रोजी नॉकमील्डाउनच्या डोंगरात तो पडला आणि काही आठवड्यांत यादवी थांबली. त्याच यादवीत समोरच्या बाजूला, सरकारात, केरीचा फिनन लिंच मंत्री होता. मग जॅक लिंच: कॉर्क शहरातला, वडील बँट्रीच्या बाजूचे. 1941 ते 1946 अशी सलग सहा वर्षं त्याने अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची पदकं मिळवली, पाच हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाची आणि एक गेलिक फुटबॉलचं. दोनदा पंतप्रधान झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत आयर्लंड 1973 मध्ये युरोपीय समुदायात गेलं. गेलिकमध्ये त्याचं नाव शॉन ओ लुइंगशी.

मग आज एखाद्या लिंचने आपलं मूळ कसं शोधावं? आडनावापासून सुरुवात केली तर वाट चुकते. सुरुवात गावापासून करावी, आणि गावही परगण्यापुरतं नको, ‘टाउनलँड’पर्यंत, म्हणजे शिवाराच्या नावापर्यंत पोचायला हवं. 1901 आणि 1911च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत खुल्या केल्या आहेत. त्यामागे 1847 ते 1864 मध्ये झालेली ग्रिफिथची जमीनमोजणी. तिच्यात कुळाचं आणि मालकाचं नाव शिवारवार मिळतं. त्याहून मागे गेलं की पॅरिशमधल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या, आणि गरीब कॅथलिक भागांत त्या पुष्कळदा 1820-30च्या अलीकडेच सुरू होतात. मधली कागदपत्रं नाहीत. 1821 ते 1851च्या जनगणनांचा बहुतेक भाग 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या अभिलेखागाराबरोबर जळाला. 1861 ते 1891च्या जनगणना सरकारनेच नष्ट केल्या होत्या.

डीएनए चाचणी इथे उपयोगी पडते, कारण वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. दोन लिंचांच्या वाय गुणसूत्रांत हजारो वर्षांचं अंतर निघालं, तर त्यांची आडनावं वेगळ्या उगमांतून आली असं म्हणता येतं. उलट निष्कर्ष जपून काढावा लागतो: दत्तक, आईच्या आडनावाने वाढलेली मुलं, मालकाचं आडनाव लागलेले गुलाम, या सगळ्यांनी साखळी मध्येच बदललेली असते. आणि चाचणी शिवाराचं नाव सांगत नाही. पश्चिम कॉर्कमधलं एखादं लिंच कुटुंब घेतलं, तर बाप्तिस्म्याची वही, ग्रिफिथ आणि 1901ची जनगणना यांच्या आधारे ते बहुधा 1800च्या आसपास पोचतं. तिथून मागे त्या परिसराच्या ओ लुइंगशी कुळापर्यंतचा टप्पा जागेच्या आधारानेच जोडावा लागतो, नावाच्या नाही.